विंचवाचे बिऱ्हाड बर्फात

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा थोड्या कीवेने उच्चारतो. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला तर ती वरचेवर ऐकावी लागते. युरोपातील हौशी प्रवाशांनी मात्र हे बिऱ्हाड आपण होऊन पाठीवर घेतले आहे. फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली आपली डबेवजा मोटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कारखान्याने तिच्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय बसवून दिली. या कॅम्परव्हॅनचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. परंतु बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा, म्हणजे स्कीइंगचा, नाद असलेली मंडळी ती भर हिवाळ्यात डोंगरात नेतात. हॉटेलचे भाडे वाचते, आणि सकाळी रोप-वेच्या पहिल्या फेरीने उतारावर पोहोचता येते.

ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतातील आर्लबर्गचा परिसर हे या खेळाचे जुने माहेरघर. सेंट अँटन हे तेथील गाव सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हानेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कीइंग शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिची कीर्ती जगभर पसरली. त्या मुलखात एका स्नेह्याच्या गाडीतून काही रात्री काढण्याचा योग मला आला. टायरोलमध्ये ठरवून दिलेल्या तळांबाहेर असा मुक्काम करण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ वा गोठलेला चिखल असेल, तर चाकांना हिवाळी टायर असलेच पाहिजेत, असा ऑस्ट्रियात दंडक आहे.

अशा मुक्कामात पहिली अडचण इंधनाची. गॅसच्या टाकीत प्रामुख्याने ब्यूटेन व प्रोपेन हे दोन वायू असतात. उणे अर्ध्या अंशाच्या खाली ब्यूटेन द्रवच राहतो. टाकी भरलेली असून शेगडी पेटत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप घेतो, म्हणून जाणता प्रवासी हिवाळ्यात प्रोपेनचीच टाकी बाळगतो. डिझेलची कथा निराळी नाही. कडाक्याच्या थंडीत त्यातील मेणासारखा अंश थिजतो आणि इंजिनाची गाळणी तुंबते. आपल्याकडे इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ते याच कारणासाठी.

पाण्याचेही तसेच. काही गाड्यांत गरम पाण्याच्या टाकीचे तापमान सुमारे ३ अंशांवर उतरले की झडप आपोआप उघडते आणि पाणी बाहेर वाहून जाते. पाणी गेले तरी चालेल, पण ते गोठून टाकी फुटता कामा नये, हा त्यातील हिशेब. गाडी उभी करताना हातब्रेकही ओढीत नाहीत, कारण तो रात्रीत गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली ठोकळे लावतात.

एवढी व्यवस्था झाली की माणसाच्या मनात एकच इच्छा उरते. दारे, खिडक्या, झरोके घट्ट लावून घ्यावेत आणि पांघरुणात शिरावे. खरा धोका आहे तो या इच्छेत. दोन माणसे रात्रभरात श्वासावाटे व त्वचेवाटे सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. उघड्या शेगडीवर एक किलो प्रोपेन जळाला तर दीड किलोहून अधिक वाफ तयार होते. ही वाफ थंड काचेवर आणि पत्र्यावर पाणी होऊन बसते, गाद्यांखाली झिरपते. आणि ओले पांघरूण ऊब धरीत नाही. म्हणून अनुभवी माणसे छताचा झरोका रात्रभर बोटभर उघडा ठेवतात. एकीकडे हीटर चालू आणि दुसरीकडे झरोका उघडा, हे नवख्याला चमत्कारिक वाटते. परंतु बाहेरची कोरडी हवा आत येऊन तापते, ओलावा घेऊन निघून जाते, आणि अंथरूण कोरडे राहते.

ओलाव्याने निदान अंग तरी भिजते. कार्बन मोनॉक्साइडची चाहूलही लागत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. गाडीतील चांगला हीटर ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो व धूरही बाहेरच सोडतो. पण त्याच्या धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले तर ती सोय व्यर्थ. बर्फ पडत असताना मध्यरात्री उठून, हाती फावडे घेऊन, ते तोंड मोकळे करणारी माणसे मी त्या तळावर पाहिली. सकाळी हीच मंडळी हसतखेळत उतारावर दिसत.

या दक्षतेचे मोल काय, ते २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी दिसले. बर्फ पाहण्यास लोटलेल्या सहलकऱ्यांच्या मोटारी वाटेतच अडकल्या आणि किमान २२ माणसे दगावली. काहीजण गारठून, तर काही बंद मोटारीत विषारी वायूने गुदमरून गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. थंडीपासून बचावासाठी लावलेल्या काचांआड माणसे मरावीत, यासारखे दैव ते कोणते?

श्रोतेहो, आपणांपैकी फारच थोड्यांना आल्प्समध्ये मुक्काम करावा लागेल. पण दिल्लीत, भोपाळात, ग्वाल्हेरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पौषातली थंडी नवी नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतातील वृत्तपत्रांत, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेल्या माणसांची बातमी येते. कोळशाच्या शेगडीला धुराडे नसते. तिच्यासाठी खिडकीची फटही पुरेशी नव्हे. निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर काढावी, आणि वाटल्यास एक रजई अधिक घ्यावी. घरात म्हातारे माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर त्यांच्या उबेच्या काळजीपोटी हा नियम मोडण्याचा मोह अधिक होतो. म्हणून त्यांच्या खोलीत तो अधिक कटाक्षाने पाळावा.