दिवसाची झोप आणि औषधाची गुंगी
(भिलाई येथील कुटुंबांसमोर केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

आपले भिलाई तीन पाळ्यांवर चालते. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून येथे दिवसा झोपलेल्या माणसाचे कोणाला नवल वाटत नाही. रात्रपाळी करून आलेल्यासाठी पडदे ओढावेत, मुलांना दटावावे, दाराची कडी हलक्या हाताने लावावी, ही येथील घराघरांची रीत आहे. ही रीत मायेची आहे. परंतु घरातील कोणी नशेसाठी झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर हीच माया घातक ठरू शकते. म्हणून आज एकच गोष्ट आपणांसमोर मांडावयाची आहे. झोप आणि गुंगी एक नव्हेत. आणि "झोपू द्या, उतरेल आपोआप" हे वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही शामक औषधे होत. निद्रानाश, तीव्र चिंता यांसारख्या विकारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उपयुक्त ठरतात. मात्र मौजेखातर, मित्रांच्या आग्रहाखातर किंवा दुःख विसरण्यासाठी ती घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय कारणाविना शामके घेत होते. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे आहे, असे कोणीही समजू नये.

ही औषधे मेंदूचे कार्य मंदावतात. प्रथम ताण सैलावतो, मग बोलणे अडखळते, चाल डगमगते, आणि त्या वेळेतील घटना पुढे आठवतही नाहीत. किती गोळ्या घेतल्या याचाही विसर पडतो आणि हात पुन्हा पट्टीकडे जातो. याच अवस्थेत दारू पोटात असेल, किंवा ट्रॅमाडॉल वा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतलेले असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. कारण हे पदार्थ मेंदूतील श्वसनाचे केंद्रही दडपतात. श्वास उथळ होतो, त्यांतील अंतर वाढत जाते. जीभ मागे पडून घसा अडतो किंवा उलटी श्वासनलिकेत जाते. कोठलाही आवाज न होता माणूस जातो, आणि शेजारच्या खोलीत घरची माणसे तो झोपला आहे असे समजून हळू आवाजात बोलत असतात.

मग फरक ओळखावा कसा? झोपलेला माणूस हाक मारल्यावर, खांदा हलवल्यावर कुरकुरतो, कूस बदलतो, डोळे उघडतो. गुंगीतील माणूस प्रतिसाद देत नाही, किंवा क्षणभर डोळे उघडून पुन्हा बुडतो. घशातून घरघर येत असेल, तर ती गाढ झोपेची खूण मानू नका. तो अडलेला श्वास असू शकतो. ओठ आणि नखे निळसर वा राखाडी दिसणे, अंग गार व चिकट लागणे, श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी पडणे, ही गंभीर लक्षणे होत. मात्र सर्व लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. माणूस जागा होत नाही, एवढेच पुरेसे आहे.

अशा वेळी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करा. श्वास चालू असेल, तर त्याला एका कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. त्याला एकटे सोडू नका. लिंबूपाणी, ताक, दूध, चहा काहीही पाजू नका. घशात बोटे घालून उलटी काढू नका. तोंडावर पाणी मारण्यात वेळ दवडू नका. श्वास थांबला असेल, तर कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. रिकाम्या पट्ट्या व बाटल्या फेकू नका. त्या रुग्णालयात सोबत न्या. काय घेतले, केव्हा घेतले, दारू होती काय, हे डॉक्टरांना खरे सांगा. अब्रूच्या धास्तीने लपवलेली एक गोष्ट उपचाराची दिशा चुकवू शकते.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. रोज गोळ्या घेणाऱ्याच्या हातून त्या हिसकावून "आजपासून बंद" असे फर्मावणे योग्य नव्हे. शरीर औषधाला सरावलेले असते. ते अचानक तुटल्यास थरथर, घाम, भ्रम आणि प्रसंगी जीवघेणे झटके येतात. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावी लागते. सवय सुटत नाही, यात नेहमी मनाचा दुबळेपणा नसतो. तो शरीरधर्म असतो.

रात्रपाळीमुळे झोप येत नसेल, तर सहकाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. डायझेपामसारख्या औषधाचा अंमल दुसऱ्या दिवशीही उरतो, आणि यंत्रासमोर किंवा दुचाकीवर अर्ध्या क्षणाची डुलकी पुरेशी असते. आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या कुलुपात ठेवा व अधूनमधून मोजा. यांतील अनेक औषधे 'अनुसूची एच-१' मध्ये आहेत. चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे ठेवावी लागते.

उपचाराला कायद्याच्या भीतीने मागे राहू नका. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात, स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी 'टेली-मानस' चा १४४१६ हे क्रमांक निःशुल्क आहेत.

बंधू-भगिनींनो, दमून आलेल्याची झोप जरूर जपा. पण शंका आली, तर पडदा बाजूला सारा, दिवा लावा आणि त्याला हाक मारा. झोपमोड झाली म्हणून तो रागावला, तर तो राग आनंदाने सोसा. त्याने उत्तर दिले, हेच मोलाचे.