लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख



बक्षिसांची वाट पाहणाऱ्यांपुढे पाहुण्याने लांबण लावू नये. पण विषय जुन्या पत्रांचा आहे, आणि त्यांची खरी गंमत उशिरातच असते.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले, चुलतबंधू भाऊसाहेबही गेले. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे एका सावकारी पत्रातून बातमी फुटली. त्यात लढाईचं नावही नाही. मोत्यांचा, मोहरांचा नि खुर्द्याचा तोटा तेवढा लिहिलेला! दोन मोती कोण, हे पेशव्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली. शेवट काय होणार, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी ती खाली ठेववत नाही. कारण पुस्तकातल्या माणसांना तो शेवट माहीत नसतो.

मूळ पत्रांत तर हे आणखी बोचतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या आपल्या मालेचा पहिलाच खंड, १८९८ साली, पानिपतकाळच्या पत्रांचा काढला. भाऊसाहेब उत्तरेतले मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पैसा मागतात, यमुना ओलांडायला नावा मागतात, पुन्हा पैसा मागतात. पंत वयाने थकलेले. मागणी मात्र थकत नाही. डिसेंबर १७६० मध्ये पंतच मारले गेले, आणि छावणीच्या रसदेचा मोठा आधार तुटला.

नुसत्या पत्रांवर कादंबरी उभी राहते का? वामन मल्हार जोश्यांनी ‘इंदु काळे व सरला भोळे’त ती उभी केली. तिथे तोफा नाहीत, पण पाकीट फोडतानाची धाकधूक तीच.

शेजारी जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या शहापुरात लढाईचं अप्रूप कशाला सांगायचं? पत्रांचं मात्र सांगायला हवं. राजवाड्यांचा खंड हाती आला, तर मोडी लिपीला भिऊ नका. मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेला आहे. आधी लिहिल्याची तारीख पाहा. मग कुठे ‘पौ’ असा शेरा दिसतो का, ते शोधा. ‘पौ’ म्हणजे पोचलं. मधले दिवस जासुदाच्या पायांचे. तेवढ्या दिवसांत तिकडे काय घडून गेलं, ते पुढच्या पत्रात सापडतं.

आता बक्षिसं. पहिलं नाव पुकारा, सर.