लीड्सहून सांगली, पुण्याहून सांगली

स्कॉटलंडच्या ट्रिपवर बोल म्हणून बरेच मेसेज आलेत. तर आज तेच.

माझा कॉलेजचा रूममेट आता लीड्सला असतो. नाव घ्यायचं नाही, असं त्याने बजावलंय. मी पुण्याहून गेलो आणि दोघांनी इन्व्हरनेसला भाड्याची गाडी घेतली. 'नॉर्थ कोस्ट ५००' हा रूट तिथूनच सुरू होतो. २०१५ मध्ये या नावाने तो सुरू झाला. ५०० मैलांच्या थोडा वर, म्हणजे ८०० किलोमीटरहून जास्त. उत्तर किनाऱ्याने फिरून परत इन्व्हरनेस.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. टूरिस्ट म्हणून भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. बोर्डवरचे आकडे मात्र मैलांचे. ६० दिसलं की ताशी ९६ किलोमीटर समजायचं.

खरी परीक्षा सिंगल ट्रॅक रोडची. रस्ता एकाच गाडीपुरता आणि मध्ये मध्ये रुंद केलेली 'पासिंग प्लेस'. ती आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर रस्त्यावरच तिच्यासमोर थांबायचं, समोरचा तिच्यातून निघून जातो. वेळ पडली तर रिव्हर्स घ्यायचा. तिथे गाडी पार्क मात्र करायची नाही.

ॲपलक्रॉसला जाताना 'बेलख ना बा' नावाचा घाट लागतो. नावाचा अर्थ गुरांची खिंड. उंची ६२६ मीटर, वळणं अगदी आपल्या घाटासारखी. आम्ही चढलो तेव्हा धुकं आणि पाऊस. गाडी मी चालवत होतो. समोरून कॅम्पर व्हॅन आली आणि मला मागे जाणं भाग पडलं. हात कापायला लागले. हा पठ्ठ्या पावसात खाली उतरला आणि एसटी कंडक्टरसारखा ओरडायला लागला, "येऊ दे, येऊ दे... बास!"

वर पोचल्यावर पार्किंगमध्ये थांबलो. हसून हसून पोट दुखलं. मग तो एकदम गप्प झाला. म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी म्हटलं, "अरे, रिलीज होती..."

"लीड्सहून सांगलीला मी दीड दिवसात पोचलो. पुण्याहून किती तास लागतात रे?"

पाच. फार तर पाच. मी तेव्हा व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या होत्या आणि नंतर लाजेने फोनच केला नव्हता. आणि आता फिरायला म्हणून इतक्या लांब आलो होतो.

"चुकलं माझं," एवढंच म्हणालो. तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "किल्ली दे. उतार मी घेतो."

दोन दिवसांनी डरनेसला रात्री दहापर्यंत उजेड होता. समुद्राकडे बघत तो बाबांबद्दल बोलत राहिला. शेवटचा आठवडा, हॉस्पिटल, सगळं. मी मध्ये बोललो नाही.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी सांगलीला गेलो. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "फार उशीर केलास रे." मग पान वाढलं. जेवताना मला मान वर करता येत नव्हती.

तुमचंही कुणाकडे जायचं राहिलं असेल, तर जाऊन या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!