तेल, प्रवाळ आणि भरपाईचा कायदा
(अभ्यासवर्गातील भाषण)



२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळील प्रवाळभिंतीवर चढले. मालक जपानी, निशाण पनामाचे, कप्तान भारतीय. जहाजात माल नव्हता. परंतु टाक्यांत सुमारे ४,००० टन इंधन होते आणि ६ ऑगस्टपासून त्यातील सुमारे १,००० टन समुद्रात गेले. लोक किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडात भरून त्यांनी तेल अडविणारे तरंगते बांध शिवले. ज्या उसासाठी बिहारमधून, आपल्या कोकणातून करारबद्ध मजूर तेथे नेले गेले, त्याचेच पाचट त्यांच्या वंशजांच्या कामी आले!

तेल वर तरंगते, तेव्हा पाण्याखालच्या प्रवाळांना धोका नाही, असे पूर्वी काही शास्त्रज्ञही मानीत. १९८६ साली पनामात तो समज मोडला. एका तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी फुटून किमान ८० लाख लिटर कच्चे तेल लास मिनास उपसागराच्या परिसरात पसरले. जवळच संशोधन केंद्र असल्याने तेथील प्रवाळांची मोजदाद आधीच झालेली होती. म्हणूनच हानी सिद्ध करता आली. तेलाने माखलेल्या एका प्रवाळभिंतीवर तीन मीटर खोलीपर्यंतचे जिवंत प्रवाळ ७६ टक्क्यांनी घटले. खारफुटीच्या चिखलात मुरलेले तेल तर पुढे अनेक वर्षे पाझरत राहिले. शिवाय अनेक जातींच्या प्रवाळांची अंडी पृष्ठभागावर, म्हणजे नेमकी तवंगातच, तरंगतात. जुने प्रवाळ तगले तरी नवी पिढी रुजेलच असे नाही.

आता कायदा पाहा. जहाजांच्या इंधनगळतीविषयी २००१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार पर्यावरणाच्या हानीची भरपाई म्हणजे ते पूर्ववत करण्याच्या वाजवी उपायांचा खर्च, बस्स. त्यातही मालकाला आपली जबाबदारी मर्यादित करता येते, आणि ती मर्यादा ठरते जहाजाच्या आकारमानावरून. किती प्रवाळ मेले, किती कोळ्यांची जाळी सुकली, यावरून नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये कप्तान आणि पहिला अधिकारी यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. त्यांची हयगय उघडच होती. पण निशाण एका देशाचे आणि नफा दुसऱ्या देशात, ही व्यवस्था त्या न्यायालयासमोर उभी नव्हती.

आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. त्यांची मोजदाद दरवर्षी सरकारी खर्चाने व्हावी आणि तिचे आकडे मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर लागावेत, ही मागणी किनाऱ्यावरील आपल्या शाखांनी आजच लावून धरावी. तवंग आल्यावर केलेली मोजणी कोणी मानणार नाही.