अंगापेक्षा लांब चोच



आपल्याकडे जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला
कुणी कुणी हमिंगबर्ड म्हणतात.
पण खरे हमिंगबर्ड आहेत फक्त अमेरिका खंडांत.

आज त्यांतल्या एकाला भेटूया…
तलवारचोच हमिंगबर्ड.

हा राहतो दक्षिण अमेरिकेत,
अँडीज पर्वताच्या उंच, धुकट जंगलांत.
त्याची चोच असते सुमारे 10 सेंटिमीटर.
शेपूट सोडली, तर अख्ख्या अंगापेक्षा लांब!
हो, अंगापेक्षा लांब चोच.
असा पक्षी जगात दुसरा नाही.

एवढी चोच कशाला?

तिथे कृष्णकमळाच्या कुळातली एक रानवेल आहे.
तिचं फूल म्हणजे लांबलचक नळी.
मकरंद त्या नळीच्या पार शेवटाला.
हा पक्षी फुलासमोर हवेत थांबतो…
आणि चोच अलगद आत सरकवतो.
मकरंद पिताना डोक्याला पराग चिकटतात.
ते पुढच्या फुलापर्यंत पोचतात.
वेलीला पक्षी हवा, पक्ष्याला वेल.
किती सुंदर जोडी ही!

आणि पिसं साफ करताना?
अंगावरच्या पिसांपर्यंत ही लांब चोच वळतच नाही.
मग हा चिमुकला जीव
एका पायावर तोल सावरतो…
आणि दुसऱ्या पायाने पिसं विंचरतो.