अठरावं सरल्यावर



३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली. तेव्हा भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिकायला नेली. त्यामागची कळकळ आठवून आज बोलतो.

बालगृहातल्या लेकराला अठरावं सरलं की बालगृह सोडावं लागतं. नेमकं कॉलेजचं वय! कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे. २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षणही आहे. पण त्याला महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. बालगृहात असतानाच अर्ज झालेला बरा. पुढे कागदासाठी हेलपाटे घालायला त्याच्यामागे कोण?

तुम्ही म्हणाल, सरकार देतंय ना! देतंय की. पण दिवाळीत मेस बंद पडते, पोरं गावाकडं जातात. लातूरला किंवा नांदेडला शिकणाऱ्या या पोरीनं जावं कुठं? फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून नाव कुणाचं लिहावं?

वर्गणी आपण देतोच. यंदा एका घरानं एका लेकराचं पालक व्हावं. सणाला बोलवा, आजारपणात दवाखान्यात न्या, फीच्या तारखा विचारा. आमचं घर दोन खोल्यांचं, तरी विहाराच्या वहीत पहिलं नाव आमचंच लिहिलंय. वही दाराशी ठेवली आहे.