थाई जेवण : घरच्या खलबत्त्यातलं की दारात मागवलेलं?

श्रोतेहो, आज थायलंडच्या जेवणाविषयी बोलायचं आहे. सेवाग्रामच्या आसपासचा एखादा शेतकरी म्हणेल, “बाबा, कापसाचं बोला, तुरीचं बोला, हे कोणतं परदेशी जेवण काढलंत?” पण नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली आपली मुलं सुटीत घरी येतात आणि हेच नाव घेतात. मोबाईलवर बोट ठेवलं की शिजलेलं अन्न दारात येतं, ही सोय आता मुंबईपुरती राहिलेली नाही. मग आई विचारते, “हे घरी नाही का होत?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर पदार्थागणिक वेगळं आहे.

पहिला पदार्थ ‘सोम तम’. म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीरच म्हणा. थायलंडच्या ईशान्येकडच्या कोरडवाहू मुलखात ती घरोघर होते. त्यात काय लागतं ते ऐका : कच्ची पपई, बरबटीच्या शेंगा, टमाटर, भाजलेले शेंगदाणे, लसूण, मिरची, गूळ आणि लिंबू. यातली कोणती वस्तू आपल्या परसात किंवा आठवडी बाजारात मिळत नाही? गांधीजींनी 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं होतं, की दिवसात पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत. मीठ न मोजताही आमचे आठ झाले, तेव्हा बापूंच्या पानात हे बसलं नसतं!

कृती अशी. मोठ्या खलात लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक-दोन मिरच्या ठेचा. मूठभर दाणे टाका, सुपारीएवढा गूळ टाका. बरबटीचे बोटभर तुकडे करून नुसते चेचा, पीठ करू नका. मग टमाटराच्या फोडी, दोन वाट्या पपईचा लांब कीस, एका लिंबाचा रस आणि मीठ. एका हातानं बत्ता आणि दुसऱ्या हातानं पळी, असं खालीवर करत राहा. झालं. मुलांसाठी मिरची कमी घाला. आणि एक गोष्ट विसरू नका : गर्भवती बाईला कच्ची पपई देऊ नये.

हा पदार्थ मागवण्यात अर्थ नाही. मीठ आणि गूळ पपईतलं पाणी ओढून घेतात. अर्ध्या-पाऊण तासात कीस मऊ पडतो आणि डब्याच्या तळाशी पाणी साचतं. नागपूर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तिथून आलेली ही कोशिंबीर म्हणजे पाण्यात बुडालेली पपई. तांदळाच्या शेवयांचंही तेच. गरम असतात तोवर सुट्या, थंड झाल्या की गोळा.

त्या शेवयांच्या ‘पॅड थाई’ची गोष्ट मात्र मजेची आहे. सयामचं नाव 1939 साली थायलंड झालं. त्या काळात तिथले पंतप्रधान फिबूनसोंगक्राम यांच्या सरकारनं लोकांनी शेवया खाव्यात असा प्रचार केला, आणि गाडीवर मिळणारा हा पदार्थ देशाचा म्हणून मिरवू लागला. आपल्याकडे जवळपास त्याच वर्षांत, 1940 साली, शेगावचं सेवाग्राम झालं. 1934 साली निघालेला ग्रामोद्योग संघ मगनवाडीहून लोकांना सांगत होता, की गिरणीचा पांढरा तांदूळ सोडा, हातसडीचा खा. एक सरकार लोकांना गाडीकडे बोलावत होतं, आणि इथले कार्यकर्ते त्यांना घरच्या उखळाकडे नेत होते.

आता आमटीसारखा रस्सा, ज्याला ‘करी’ म्हणतात. त्याचं वाटण पाट्यावर होतं : हिरवी मिरची, लसूण, गवती चहाचा खालचा पांढरा भाग, अद्रकाच्या जातीचं एक मूळ, लिंबाच्या जातीतल्या एका फळाची साल, आणि सांबाराची मुळं. होय, मुळं! सांबाराची जुडी आणली की आपण पानं घेतो आणि मुळं फेकतो. थाई बाई तीच धुऊन वाटते, कारण वास मुळांत दाट असतो. नारळाचं घट्ट दूध आधी तेल सुटेपर्यंत आटवायचं, त्या तेलात वाटण परतायचं, मग पातळ दूध आणि भाज्या. आपल्या भागात नारळ बाहेरून येतो, वाटायला तासभर जातो. हा रस्सा बाहेरून आला तरी बिघडत नाही. वास तेलात मुरलेला असतो, दुसऱ्या दिवशीही चव राहते. मात्र शाकाहारी घरांनी मागवण्याआधी विचारून घ्यावं. तयार वाटणात सुकटीसारखी वाटलेली कोळंबी असते आणि मिठाऐवजी मासळीचं पाणी घालतात. नुसती ‘भाज्यांची करी’ म्हटल्यानं ती सुटत नाही.

काही मंडळी म्हणतील, बाहेरचं मागवणं म्हणजे बाईचा आळस. मला हे पटत नाही. खुद्द बँकॉकमध्ये नोकरी करणाऱ्या बाया संध्याकाळी रबर लावलेल्या पिशव्यांतून कालवण विकत नेतात. ‘प्लॅस्टिक पिशवीची गृहिणी’ असा शब्दच तिथे झाला आहे. आपल्या मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खानावळीवर जगले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे ‘बाहेरचं’ अन्नही कुणाच्या तरी घरच्या चुलीवरच शिजत होतं. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईनं आणखी तासभर पाटा ओढावा, आणि घरच्यांनी ‘घरचं ते घरचं’ म्हणत बोटं चाटावी, हा हिशेब मला तरी खोटा वाटतो. घरी करायचं तर बत्ता कोणाच्या हातात, हे आधी ठरवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचं काम येतं. 1937 सालच्या वर्ध्याच्या परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. तिथे स्वयंपाकघर हाही वर्ग होता. मुलगे आणि मुली दोघंही भाजी चिरत, हिशेब ठेवत, भांडी घासत. तुमच्या शाळेत ‘सोम तम’ करायला चूलसुद्धा लागत नाही. पपई मुलग्यांना किसू द्या. मिरची, पपई, टमाटर आणि शेंगदाणा ही चारही झाडं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली, आपल्याकडेही आणि थायलंडातही. नकाशावर ती वाट बोटानं दाखवा. अर्धी कोशिंबीर लगेच वाटा, अर्धी तासभर झाकून ठेवा. तळाशी पाणी किती सुटलं ते पेल्यानं मोजून मुलांनी वहीत लिहावं.